संध्याकाळच्या बसच्या आधी

लोणारहून फोन आला तेव्हा मी दुकानात हिरडा तोलत होतो. पलीकडून एक तरुण प्राध्यापक बोलत होते. "काका, मॅडमना जरा बरं वाटत नाहीये. तुम्ही निघता का?" एवढं म्हणाले आणि थांबले... आजारपणाची बातमी देणारा माणूस डॉक्टरचं नाव सांगतो, दवाखाना सांगतो, घाबरू नका म्हणतो. यांनी त्यातलं काहीच सांगितलं नाही. मी तागडी खाली ठेवली, गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हटलं आणि शटर ओढलं. खामगाव, चिखली, मेहकर असा सगळा रस्ता मी गाडीत गप्प बसून होतो. ड्रायव्हर ओळखीचा, एरवी तोंडाचा पट्टा चालू असणारा; त्यानंही रेडिओ लावला नाही.

शालूताई, माझी थोरली बहीण, वनौषधींची परीक्षा कशी करायची ते शिकवायला लोणारला गेली होती. औषधनिर्माणशास्त्राची मुलं, दोन-चार वैद्य, एका शाळेचा हॉल. तिनं मुळीचा अर्क केला, प्लेटीवर ठिपके दिले, प्लेट काचेच्या बरणीत उभी केली आणि समोरच्या मुलीला म्हणाली, "द्रव वर चढतो आहे बघ. या रेघेच्या वर जाऊ द्यायचा नाही. लक्ष ठेव." मग ती खुर्चीवर बसली. मुलीनं लक्ष ठेवलं. द्रव रेघेपर्यंत आला तेव्हा तिनं नीट चिमट्यानं प्लेट बाहेर काढली आणि मग मॅडमना हाक मारली... त्या मुलीनं हे मला रडत रडत सांगितलं. मी तिला म्हटलं, तू आधी प्लेट काढलीस ते बरोबर केलंस, उलट केलं असतंस तर ती रागावली असती. मुलगी आणखीच रडायला लागली. माझं हे असंच होतं. धीर द्यायला जातो आणि भलतंच बोलतो. ताई असती तर म्हणाली असती, "दिन्या, तू गप ऱ्हाय ना जरा."

वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी ताईवर लिहायला सांगितलं तेव्हा त्यांच्या डोक्यात 'जिल्ह्याची कर्तबगार कन्या' वगैरे काहीतरी असावं. मला तसलं जमणार नाही. जळगाव जामोदच्या बाजारात आमचं काष्ठौषधींचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सातपुड्यातून आणि आसपासच्या शेतांतून येणाऱ्या मुळ्या, साली, फळं आम्ही घेतो आणि वैद्यांना, कारखान्यांना विकतो. ताईचं आणि माझं बालपण त्या पोत्यांवर गेलं. फरक एवढाच की मी पोत्यांवर झोपायचो आणि ती पोत्यात हात घालून एकेक मुळी चावून बघायची. एकदा काडेचिराईत चावून तिनं दिवसभर तोंड वाकडं करून ठेवलं होतं. आईनं गूळ दिला तर घेईना. "कडूपणा कुठपर्यंत राह्यते ते पाहून राह्यली मी," म्हणे. घरात सगळे हसले. पुढं शिकून ती याच विषयाची प्राध्यापक होईल असं तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं. लग्नाचं स्थळ आलं की ती स्थळाबद्दल काही न विचारता तिकडं कॉलेज आहे का ते विचारायची. लग्न राहून गेलं. तिला त्याची खंत असल्याचं कधी दिसलं नाही, आणि मी विचारलं असतं तर तिनं माझ्याच संसाराची तपासणी सुरू केली असती.

शेगावजवळच्या एका कॉलेजात तिनं जन्मभर शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, भिशी लावतात. हिनं दुकानामागची खोली मागितली. त्या खोलीत आम्ही पावसाळ्यात बारदान ठेवत असू. तिनं भिंतींना चुना दिला, सिमेंटचा ओटा बांधून घेतला, स्वतःच्या पैशानं सूक्ष्मदर्शक आणला, जांभळ्या उजेडाचा दिवा आणला, काचेच्या बरण्या आणल्या. तोवर आमच्या भागातल्या माणसाला आपला माल तपासायचा तर नमुना मोठ्या शहरात पाठवावा लागे आणि उत्तर यायला इतके दिवस लागत की तोवर माल तरी जायचा नाहीतर व्यापारी तरी. ताईचं म्हणणं सोपं होतं. जो माणूस दुपारच्या बसनं मुळ्या घेऊन आला, त्याला संध्याकाळच्या बसच्या आधी उत्तर मिळालं पाहिजे. सगळं उत्तर नव्हे, पण मुळी खरी की खोटी, सकस की पोचट, एवढं तरी. "शेतकरी इथं मुक्कामाले येत नाई," ती म्हणायची. "त्याच्या घरी म्हैस दुहायची राह्यते."

तिची पद्धत मी इतक्या वेळा पाहिली की आता वाचकांना सांगू शकतो. मुळीचं चूर्ण करायचं. चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं, म्हणजे ते कोणत्या झाडाचं ते कळतं. मग थोड्याचा अर्क करून पांढऱ्या लेपाच्या छोट्या प्लेटीवर खाली ठिपका द्यायचा आणि शेजारी खात्रीच्या मुळीच्या अर्काचा ठिपका. प्लेट बरणीत उभी केली की तळातला द्रव टीपकागदावर चढावा तसा वर चढतो आणि मुळीतले घटक बरोबर घेऊन जातो. प्रत्येक घटक आपापल्या उंचीवर थांबतो. मग त्यावर एक द्रावण फवारून प्लेट गरम केली की रंगीत ठिपके उमटतात. दोन्ही रांगा जुळल्या तर मुळी खरी. ताई याला मुळीची हजेरी घेणं म्हणायची. कोण आलं, कोण आलं नाही, आणि कोण न बोलावता येऊन बसलं, ते सगळं कळतं.

शेजारची ती खात्रीची मुळी मिळवणं हे खरं अवघड काम. बाजारातून आणून चालत नाही, कारण शंका बाजारावरच असते. ते काम तिनं माझ्या गळ्यात मारलं होतं, तेही भाऊबीजेच्या दिवशी. ओवाळून झालं की ताटात साडी टाकायची नाही. पानाफुलासकट, डोळ्यांदेखत उपटलेली एखादी वनस्पती टाकायची, आणि ती कुठून उपटली ते सांगायचं. त्यामुळं दिवाळीत सगळी दुनिया फराळ करत असताना मी कुदळ घेऊन नाल्यांत फिरत असे. एका वर्षी मी वैतागून साडीच नेली. तिनं साडी घेतली, छान आहे म्हणाली, घडी मोडून अंगावर धरून पाहिली आणि मग विचारलं, "अन् मुळी?" बायको हसून हसून आत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुदळ शोधत होतो.

भाऊ आहे म्हणून माझी गय केली असं मात्र कधी झालं नाही. एकदा मी मोठ्या हौसेनं नागकेशर आणलं होतं, चांगल्या ओळखीच्या व्यापाऱ्याकडून. ताई मागच्या खोलीतून चहाचा कप घेऊन दुकानात आली, पोत्यात बोटं घातली, भिंग डोळ्याला लावलं आणि दोन गिऱ्हाइकं समोर उभी असताना म्हणाली, "हे नागकेशर नाई, दिन्या. तमालपत्राच्या जातीतल्या झाडाची कच्ची फळं हायत. खऱ्या नागकेशरात फुलातले केसर राह्यतात." गिऱ्हाइकं माझ्याकडं बघायला लागली. मी इतका तापलो की आठवडाभर तिच्याशी बोललो नाही. ती रोज कप घेऊन यायची, उभी राहायची, जायची. शेवटी मीच विचारलं, मग खरं नागकेशर कुठं मिळतं? तिनं त्याच दिवशी चार ठिकाणी फोन केले. भांडण मिटवायची तिची हीच रीत होती. माफी मागायची नाही, कामाला लागायचं.

म्हणून शतावरीच्या वेळेस तिनं जे केलं ते मला इतकं आठवतं.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या गावाला एकदा नावं ठेवून झाली आहेत. तिथल्या बायकांच्या बचत गटानं बांधावर आणि पडीक तुकड्यांत शतावरी लावली होती. कांताबाई त्यांची पुढारी. उंच, सडसडीत बाई. बोलायला लागली की समोरच्यानं आपली वाक्यं खिशात ठेवावीत. त्यांच्या शतावरीला मी एका मोठ्या औषध कारखान्याचा खरेदीदार मिळवून दिला. त्याची अट एकच, ताईची चिठ्ठी हवी. पहिल्या वर्षीचा माल ताईनं तपासला आणि खूष झाली. ठिपके असे ठसठशीत उमटले की तिनं मोबाइलवर फोटो काढून जुन्या विद्यार्थ्यांना पाठवले. बायकांनी पुढच्या वर्षी लागवड वाढवली. घरच्या पुरुषांनी आधी थट्टा केली होती, ते आता पाणी द्यायला लागले. कांताबाई मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, आता गावात आमाले शतावरीवाल्या म्हनतात. पयले नवऱ्याच्या नावानं वळखत."

दुसऱ्या वर्षीचा नमुना दुपारच्या बसनं आला. सूक्ष्मदर्शकाखाली मुळी शतावरीचीच होती, त्यात शंका नाही. पण प्लेट गरम केली तर ठिपके फिके. जागा बरोबर, रंग नाहीसा. ताईनं पुन्हा प्लेट लावली, पुन्हा तेच. आता या धंद्यात एक लबाडी चालते. कारखान्यात मुळ्यांचा अर्क काढून झाला की उरलेला चोथा वाळवून कोणीतरी पुन्हा चांगल्या मालात मिसळतो. दिसायला मुळी खरी, आत काही नाही. ताईनं आयुष्यात असले नमुने पुष्कळ पाहिले होते आणि हा नमुना अगदी तसाच होता. खरेदीदाराचा फोन आला. संध्याकाळची बस सुटायची होती. ताई म्हणाली, "सत्त्व काढलेल्या मुळ्या मिसळल्यासारख्या दिसतात. भेसळ असावी."

'असावी' हा शब्द तिनं लावला होता. पण असले शब्द तारेवरून पुढं जाताना गळून पडतात. खरेदीदारानं माल परत पाठवला, दुसऱ्या खरेदीदारालाही सांगितलं, आणि पुढच्या आठवडी बाजारात त्या बायकांना लोकांनी विचारायला सुरुवात केली. भाजी विकायला बसलेल्या एकीला कोणीतरी म्हणालं म्हणे, "या मेथीत काय मिसळलं वो?" हसत म्हणाला असेल. ती बाई मेथी तिथंच टाकून घरी गेली.

कांताबाई दुकानात आल्या तेव्हा ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोत्यावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "भाऊ, आमी कुठून आनू वो सत्त्व काढेल मुळ्या? आमच्या गावात तं चायपत्ती बी दोनदा उकळत नाई कोनी. कारखाना कुठं हाय ते बी आमाले माईत नाई." मागच्या खोलीचं दार उघडं होतं. ताई आतून सगळं ऐकत होती. कांताबाई गेल्यावर ती बाहेर आली, त्या बसल्या होत्या त्याच पोत्यावर बसली. मग म्हणाली, "काऊन आनतीन त्या? अन् कुठून आनतीन? हे मी त्याईले इचारलंच नाई, दिन्या. प्लेटीले इचारलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. शेतातल्या उरलेल्या मुळ्या सोलणं अजून चालूच होतं; देवळाच्या मागं चूल पेटलेली होती आणि तिच्यावर गावच्या भंडाऱ्याचं मोठं पातेलं. आमच्याकडं शेगावच्या महाराजांच्या प्रकट दिनाला गावोगाव महाप्रसाद होतो. त्या दिवशी वांग्याची भाजी ज्यात शिजते, ते. शतावरीची साल अशी निघत नाही. मुळ्या गरम पाण्यातून काढल्या की सुटते. पहिल्या वर्षी प्रत्येकीनं आपापल्या घरी, भगुण्यात थोड्या थोड्या मुळ्या बुडवून सोलल्या होत्या. या वर्षी माल जास्त, म्हणून गटानं ठराव करून भंडाऱ्याचं पातेलं मागून आणलं आणि काम एकत्र करायला घेतलं. सगळ्या मुळ्या सकाळी एकदम पातेल्यात. मग बायका गोल बसून सोलणार, गप्पा, गाणी, मधे जेवण... आणि उरलेल्या मुळ्या दुपार कलेपर्यंत त्या उकळत्या पाण्यात. काम हलकं व्हावं, सगळ्यांनी मिळून करावं, यात कोणाचं काय चुकलं? ताई पुढं झाली. पातेल्याजवळ जाऊन उभी राहिली. पाणी चहासारखं लाल झालं होतं आणि वर साबणासारखा दाट फेस आला होता. तिनं त्या फेसाकडं पाहिलं आणि माझा दंड इतक्या जोरात धरला की बोटं रुतली. शतावरीत जे औषधी असतं त्याचा गुणच फेसाळण्याचा. ते मुळीतून निघून पाण्यात उतरलं होतं, आणि ते पाणी बायका रोज संध्याकाळी देवळामागच्या लिंबाला घालत होत्या.

तिनं बाटलीभर पाणी घेतलं, घरी आली आणि जेवायच्या आधी प्लेट लावली. पाण्याच्या रांगेत ठिपके उमटले, पहिल्या वर्षीच्या मुळीइतके गडद. मी आयुष्यात ताईला रडताना फार पाहिलं नाही. त्या दिवशी ती प्लेट हातात धरून रडली. मी म्हटलं, "अवं, सापडलं ना कारण? मंग?" तर म्हणाली, "कारण सापडलं. त्याईचं नाव कसं सापडवू?"

आणि मग तिनं ते केलं जे तिच्या स्वभावात नव्हतं. गावात परत गेली, देवळाच्या ओट्यावर बायका जमल्या, पुरुषही मागं उभे होते. तिथं ती उभी राहून म्हणाली, "तुमच्या मालात भेसळ नोती. सत्त्व कमी होतं, ते उकळल्यानं. तुमाले इचारल्याबिगर भेसळ हा शब्द मी काढला. चूक माही हाय." कांताबाई म्हणाल्या, "हे तुमी त्या सायबाले सांगसान?" ताई म्हणाली, "त्याले कालच सांगतलं. बाजारात बी सांगीन." आणि खरंच, पुढच्या बाजाराच्या दिवशी ही निवृत्त प्राध्यापक बाई एकेका व्यापाऱ्याच्या गादीपुढं उभी राहून सांगत फिरली. मी लाजेनं मागं मागं. एक-दोघांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. तिला काही फरक पडला नाही. त्या बायकांबरोबर बसून तिनं मुळ्या किती वेळ बुडवायच्या तेही ठरवून दिलं: पाणी उकळल्यावर मुळ्या आत, साल ढिली झाली की लगेच बाहेर, आणि पातेल्यात एका वेळी सोलून होतील तेवढ्याच. पुढच्या हंगामात कारखान्यानं पुन्हा माल घेतला. बायकांच्या नावावरचा डाग धुवून निघाला.

पण बायका आमच्याकडं परत आल्या नाहीत. वाईट काही बोलल्या नाहीत, बाजारात दिसल्या तर नमस्कार करत. त्या दिवशी गावातून निघताना त्यांनी आम्हाला चहा दिला, रीतीप्रमाणं सगळं झालं. फक्त कोणी "येत जा" म्हटलं नाही. माल दुसऱ्या व्यापाऱ्याकडून जाऊ लागला आणि नमुना दूरच्या एका प्रयोगशाळेत. आठवडे लागत, तरी तिथंच. ताईला ते फार लागलं. ती तसं बोलायची नाही. पण शतावरी निघायच्या दिवसांत, थंडीत, दुपारची बस आली की खोलीतून उठून दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत यायची. मी एकदा चिडून म्हटलं, "त्या येत नाईत आता, ताई. तू काहाले वाट पाहून राह्यली?" ती म्हणाली, "नाई येत तं नाई. त्याईचा भरोसा गेला, तो का मागून भेटते? पन आल्या अन् मी जेवाले गेली असली तं कसं?"

त्या प्रकरणानंतर तिनं आपला नियम बदलला होता. चांगलं उत्तर संध्याकाळच्या बसच्या आधी. वाईट उत्तर मात्र माल आणणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय नाही. ठिपका फिका दिसला की ती प्लेट उपडी ठेवायची, समोरच्याला स्टुलावर बसवायची आणि कुठं वाळवलं, कशात उकळलं, कुठं ठेवलं, पाऊस लागला का, सगळं विचारायची. कधी तासभर. अलीकडं हातात धरायची यंत्रं आली आहेत. मुळीवर टेकवलं की क्षणात उत्तर. एक खरेदीदार ते घेऊन आला होता. ताई लहान मुलीसारखी त्याच्यावर वाकली होती, पुन्हा पुन्हा मुळ्या टेकवून बघत होती. मग विचारलं, "याले आपल्या भागातल्या मुळ्या कोनी दाखवल्या हायत का अगोदर?" खरेदीदाराला ते माहीत नव्हतं. "दाखवा बाप्पा," ती म्हणाली. "नाई तं हे बी माह्यासारखं करीन." गंमत केल्यासारखी म्हणाली. मला ते हसण्यासारखं वाटलं नाही. लोणारलाही तिनं मुलांना आधी हेच सांगितलं म्हणे, स्वतःच्या चुकीसकट, आणि मग प्लेट लावली.

तिचं सगळं झालं. तेरवी झाली, पाहुणे गेले. खोली तशीच बंद होती. मला त्यातलं काही येत नाही आणि बायकोला तिकडं जाववत नव्हतं, म्हणून सूक्ष्मदर्शक, दिवा, बरण्या सगळं तिच्या जुन्या कॉलेजला द्यायचं ठरवलं. ते लोक सोमवारी गाडी घेऊन येणार होते.

त्याआधी एका दुपारी दुकानापुढं कांताबाई येऊन उभ्या राहिल्या. बरोबर आणखी एक बाई, हातात कापडी पिशवी. आत या म्हटलं. पोत्यावर बसल्या. पाणी प्यायल्या. मग कांताबाई म्हणाल्या, "ताईचं समजलं. मातीले यायचं होतं, पन कोन्या तोंडानं येवाव?" मी म्हटलं, असं कसं म्हणता. त्या म्हणाल्या, "नाई भाऊ, खरं हाय ते. पयल्या साली राग होता. मंग राग गेला. मंग लाज वाटाले लागली, की इतके दिस गेलो नाई तं आता कसं जाव. या साली जाऊ, पुढच्या साली जाऊ, असं करत राह्यलो." पिशवी त्यांनी माझ्यापुढं ठेवली. पांढऱ्या, लांब, स्वच्छ सोललेल्या मुळ्या. मी विचारलं, तपासायची आहे का? "तपासून झाली. तिकडं पास झाली, इकल्या बी गेली. हे त्याईले दाखवाले ठेवली होती."

मग मी उठलो आणि खोलीचं कुलूप काढलं.

मी कधी प्लेट लावली नव्हती. नुसतं पाहिलं होतं. चूर्ण जाडच राहिलं, ठिपके वाकडे पडले, एक फार मोठा झाला. ताईनं पाहिलं असतं तर प्लेट कचऱ्यात टाकली असती. तरी बरणीत उभी केली. आम्ही तिघं द्रव चढताना बघत तिच्यासमोर बसलो. लोणारची ती मुलगी मला आठवत होती. रेघेपर्यंत आला तसा मी चिमट्यानं प्लेट काढली, वाळवली, फवारा मारला, गरम केली. आणि ठिपके उमटले. वाकड्या रांगेत, पण गडद.

कांताबाई वाकून बघत होत्या. "हेच का ते?"

"हेच."

"अन् तवा हे फिके आले होते?"

"हो."

त्या किती तरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, "मंग ताईले दिसलं ते खोटं नोतं."

"दिसलं ते खरं होतं. बोलली ते चुकलं."

"बोलनं तं आमचंबी चुकलं," त्या म्हणाल्या. "न बोलनं चुकलं." पदर तोंडाला लावला. दुसऱ्या बाईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

बसची वेळ झाली तशा त्या उठल्या. दुकानाच्या पायरीवरून मागं वळून कांताबाई म्हणाल्या, "पुढच्या हंगामात आनतो, भाऊ. खोली उघडी ठेवजा." मी हो म्हटलं. म्हणताना पुढचा काही विचार केला नव्हता. त्या गेल्यावर कॉलेजला फोन केला आणि सोमवारी गाडी पाठवू नका म्हणून सांगितलं. तुमच्याकडचं कोणी शिकलेलं आठवड्यातून एकदा इथं येऊन बसेल का, एवढं विचारलं. बघतो म्हणाले. येईल कोणीतरी. नाही आलं तर मी आहेच, वाकडे ठिपके घालायला.

मग खोलीत परत गेलो. प्लेट अजून गरम होती. बाहेर बस निघाल्याचा आवाज आला, आणि रिकाम्या खोलीत मी मोठ्यानं म्हणालो, "ताई, बाया आल्या होत्या वो."